एकच कुंची

९ जानेवारी

आज डॉक्टर सुनीतींनी मला आणि केदारला समोर बसवलं. मुली छातीपासून पोटापर्यंत जोडलेल्या, हे त्या पोटात असल्यापासून माहीत होतं. पुढचं आज कळलं. दोघींत धड हृदय एकच. तेच दोघींचं रक्त फिरवतंय आणि थकतंय. असंच ठेवलं तर थोड्या दिवसांत दोघी जातील. वेगळ्या केल्या तर एक टेबलावरच जाणार — 'जाऊ शकते' नाही, जाणार — आणि दुसरी वाचली तर वाचेल.

"निर्णय तुमचा," म्हणाल्या. वा! आमच्या घरात आमटी कशाची करायची तेही सासूबाई ठरवतात.

११ जानेवारी

कुठली राहणार ते घरी परस्पर ठरून गेलं. एक गुबगुबीत, हसरी. तिला आम्ही गुब्बी म्हणतो. दुसरी बारकी, निळसर, सारखी धापा टाकणारी. डॉक्टरांना विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही.

सासूबाईंनी कुंची शिवली. खणाची, जरीचा काठ लावून, गुब्बीच्या मापाची. एकच. "बारसं ऑपरेशन झाल्यावर करू, जी राहील तिचं," म्हणाल्या. नावही ठरलंय, शाल्मली. दूध काढून बाटली केदारकडे दिली आणि तो धायरीहून हॉस्पिटलला गेला.

१२ जानेवारी

हल्ली मी बारकीकडे बघतच नाही. गुब्बीचं बोट धरून बसते. जाणारीचा लळा कशाला लावून घ्यायचा? शाबास, आई.

१५ जानेवारी

सगळं उलटं आहे!

हृदय बारकीचं आहे. ती दोघींसाठी राबते म्हणून तशी दिसते. गुब्बी तिच्या जिवावर बाळसं धरतेय, गुब्बीचं स्वतःचं हृदय नावापुरतं. वाचली तर बारकी वाचेल. गुब्बी जाणार.

"मी त्या दिवशी सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. सांगितलं असेल. आम्ही आमचं ठरवूनच बसलो होतो. केदार जिन्यात बसून रडला. मी आत जाऊन बारकीला पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्या हनुवटीवर माझ्यासारखी खळी आहे. मला दिसली नव्हती.

१६ जानेवारी

"धडधाकट दिसणारी मारायची आणि मरतुकडी ठेवायची?" — सासूबाई. मग त्यांनीच पदर तोंडाला लावला आणि कुंची कपाटात ठेवून दिली.

केदार म्हणतो, एक तरी राहू दे. मी म्हटलं, गुब्बीने काय केलंय रे तुझं? तो जेवला नाही. मीही नाही. सही केली तर एकीला मी मारली. नाही केली तर दोघींना मीच. कुठूनही बघा, मी आहेच.

डॉक्टरांना विचारलं, तुमच्या मुली असत्या तर? म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार, अपूर्वा." त्यांच्यावर आज पहिल्यांदा विश्वास बसला.

१८ जानेवारी

सही केली.

१९ जानेवारी

उद्या सकाळी ऑपरेशन. आज सलोनीला, नणंदेला, मुद्दाम बोलावून घेतलं. नाव कानात सांगायचा मान आत्याचा.

"वहिनी, आई जाम चिडेल हं. आणि कुणाच्या कानात?"

"गुब्बीच्या. बारकीपुढे अख्खं आयुष्य आहे, तिचं थाटात करू. ही बिननावाची जायला नको."

सलोनी मास्क लावून वाकली. कुर्रर्र केलं, शाल्मली म्हणाली. आत्याच्या पाठीत बुक्के घालायला चार बायका लागतात, इथे कुठल्या? मी सांगितल्यावर नर्सनेच घाबरत घाबरत तिच्या पाठीत एक चापट मारली. मला हसू आलं. खरंच आलं, आणि मग आवरेना.

बारकीला नुसतं म्हटलं, उद्या नीट राहा गं. तिला धाप लागली होती.

२० जानेवारी

ऑपरेशनला न्यायच्या आधीच बारकीचं हृदय थांबलं. तिच्या मागोमाग गुब्बी गेली.

बारकीच्या कानात मीच नाव सांगितलं. शाल्मलीच. दुसरं कुणी ठरवलंच नव्हतं.

"वेगळ्या करून देऊ का?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. मी नको म्हटलं.

सासूबाई कुंची घेऊन आल्या होत्या. तिथेच बाकावर बसून त्यांनी ती उसवली. पसरल्यावर दोघींना पुरली.