पाहुणीची बादली

१२ जुलै
आली एकदाची! परदेशातली कॉलेजची सहा पोरं, आमच्या नदीत भिंत बांधायला. नदी कसली, नुसती वाळू. वरच्या डोंगरात पाऊस झाला की दोन दिवस पाणी धावतं आणि निघून जातं. आडवी भिंत घातली की वाळू अडते, आणि वाळूच्या पोटात पाणी राहतं — म्हणे! बघू.

कालेक्ये, आमच्या बायकांच्या गटाची पुढारीण, तिने एक पोरगी माझ्या गळ्यात मारली. "मुतिंदीच्या आई, तुझं घर मोठं." मोठं कसलं! बाकी कुणी हो म्हणालं नाही, एवढंच. पोरगी आयर्लंडची, नाव ऑर्ला. वय वीस.

भिंत मात्र मला हवीय. गुडघे गेलेत माझे. येत्या कोरड्या महिन्यांत पाणी जवळ आलं नाही, तर मुतिंदीची शाळा बंद. तीच जाईल पाण्याला. तिला सांगितलंय मी. तिने दप्तर उचलून खुंटीला टांगलं. तेच जास्त लागलं.

१४ जुलै
ही पोरगी सकाळ-संध्याकाळ आंघोळ करते! दोन भरलेल्या बादल्या! मी हसतमुखाने देते. सासूबाईंनी दम भरलाय, "पाहुणीला पाण्यावरून बोललीस तर याद राख." बोलतेय कोण? आमच्यात आधी पाहुण्याला पाणी, मग चौकशी. आम्ही तिघी तांब्याभर पाण्यात हात-तोंड उरकतो.

१९ जुलै
पहिल्या दिवशी बायका हिला पाहून पोट धरून हसल्या. कालेक्ये म्हणाली, "ही दगड उचलतेय की दगड हिला?" पोरगी पण हसली. कळलं काही नसणार.

आज पाहिलं — कपाळाला पट्टा लावून, आमच्यासारखी वाकून, पाठीवर दगड. माझ्या दगडापेक्षा मोठा! तळहात सोललेत, तरी दिवसभर थांबली नाही. संध्याकाळी इस्योचे दोन वाडगे खाल्ले, मका-घेवड्याचा एक दाणा उरवला नाही. कुणी पाठवलं हिला? कशाला आली ही? इतक्या लांबून, आमचे दगड वाहायला!

२३ जुलै
पाण्याला निघाले तर ही मागे. नको म्हटलं, ऐकेना. दोन तास चालणं, मग रांग, मग वाळूतल्या पुरुषभर खड्ड्यात उतरायचं आणि भोपळ्याच्या डवल्याने ओंजळ-ओंजळ पाणी गोळा करायचं. गाढवावरचे चार कॅन भरायला दुपार झाली. पोरगी खड्ड्याच्या काठावर बसून होती. येताना सगळा वेळ कॅनकडेच बघत होती.

२४ जुलै
आंघोळ करेना! बादली तशीच.
"आई, आता कळलं मला. हे पाणी मी नाही घेणार." ऑर्लाचं इंग्रजी मुतिंदीने आमच्या भाषेत सांगितलं.
डोकंच फिरलं माझं. "माझ्या घरात राहून माझं नाक कापतेस? बिनआंघोळीची पाहुणी फिरली तर गाव मला काय म्हणेल?"
गाव आधीच म्हणत होतं. कालेक्येने विचारलंच, "काय गं, पाणी संपलं का तुझ्याकडे?" मेले मी लाजेने.
सासूबाई हिच्याशी बोलत नाहीत. मीही नाही.

२६ जुलै
उठले तर गाढव नाही, ऑर्ला नाही, मुतिंदीही नाही. शनिवार, शाळा नव्हती म्हणून बरं. उन्हं वर आल्यावर आल्या दोघी, चार कॅन घेऊन. पोरगी चिखलाने माखलेली. खड्ड्यात स्वतः उतरली होती!

चुलीवर पाणी तापवलं तिने. बादली भरून माझ्यापुढे ठेवली. मुतिंदी म्हणाली, "आई, ती म्हणतेय, आज पाहुणी तू."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "बघतेस काय? पाहुणीने नाही म्हणायचं नसतं."

भरल्या बादलीने आंघोळ केली मी. शेवटची कधी केली होती, आठवत नाही. आडोशाला रडले. मग बाहेर येऊन ऑर्लाला तिची बादली दिली. तिने घेतली. आता रोज एकच, आणि गाढव ती हाकते.

९ ऑगस्ट
भिंत झाली. पोरं गेली. ऑर्ला सासूबाईंच्या गळ्यात पडून रडली. सासूबाई म्हणाल्या, "जा आता, बाकीचं काम नदीचं आहे."

३ नोव्हेंबर
नदी आली!! डोक्यावर कडक ऊन, आणि वरून लाल पाण्याची भिंतच आली, झाडं-बिडं घेऊन. सगळ्या काठावर उभ्या. माझे दगड, तिचे दगड, कालेक्येचे दगड — सगळ्यांवरून पाणी गेलं. मुतिंदीने हात इतका घट्ट धरला, अजून दुखतोय.

५ नोव्हेंबर
भिंत उभी आहे! मागे काठोकाठ वाळू. पाणी गेलं. सासूबाई म्हणतात, "वाळूच कमावलीत." फेब्रुवारीत कळेल.

१८ फेब्रुवारी
उकरलं. कोपर बुडेल एवढं खोल. फक्त कोपर! आणि पाणी. थंड. स्वच्छ. घरापासून हाकेच्या अंतरावर.

कालेक्ये मटकन खालीच बसली. सासूबाईंनी ओंजळ भरून आधी पूर्वजांच्या नावाने वाळूवर सांडली, मग प्यायल्या. मी कोपरापर्यंत हात बुडवला. हे पाणी माझ्या पाठीवरून आलंय! मुतिंदी चार कॅन भरून, दप्तर घेऊन, घंटेआधी शाळेत.

११ जुलै
डोंगरापलीकडच्या गावी आलेय, आमच्या गटातल्या सहाजणींबरोबर. इथेही भिंत बांधायचीय. जिच्या घरी उतरले, तिचे पाय धुळीने पांढरे, ओठ फुटलेले. आल्या-आल्या हसतमुखाने माझ्यापुढे भरलेली बादली ठेवली.

आंघोळ केली मी. पूर्ण. मग विचारलं, तुझं गाढव कुठे बांधतेस?