कॅसेटची पूजा

इंदूर, २४ ऑक्टोबर १९९७

प्रिय क्षितिजा,

तुझं पत्र मिळालं. परीक्षा संपली, मंगळवारी निघतेस आणि आल्याबरोबर व्हिडिओ गेममधल्या त्या काळ्या राक्षसाला संपवणार, हे वाचून आई हसली. मी हसलो नाही. का, ते लिहितो. एसटीडी बूथवर मागे रांग असताना सांगण्यासारखं ते नाही.

खंडेनवमीला दरवर्षी माझे पाने, हातोडी, पक्कड पाटावर मांडून पूजा होते. यंदा माझी सगळी अवजारं बंद मिलच्या कुलपाआड. पाटावर नुसती विळी आणि आईची कात्री. फार ओकंबोकं दिसलं, म्हणून तुझ्या गेमची कॅसेट आणून ठेवली. पण पुसल्याशिवाय पूजा कशी करायची? सव्वीस वर्षं फिटर होतो, हात थांबेना. कॅसेट उघडली. आत बटणाएवढा सेल, त्याच्यावर हिरवट चढलेलं. मिलमधल्या वासुदेवकडून सोल्डरिंगचं सामान आणलं, सेल सोडवला, पुसला, परत डाख देऊन बसवला. हळदकुंकू वाहिलं. लावून बघतो तर तुझी एकतिसाव्या लेव्हलची तलवारवाली गायब! तुझ्या दोन सुट्ट्यांची मेहनत त्या एवढ्याशा सेलच्या जिवावर उभी आहे, हे मला काय माहीत.

तेव्हाच ठरवलं, तू यायच्या आत तिला पुन्हा एकतिसावर न्यायची. तुझंच नाव दिलं आणि देवाला हात जोडून पहिल्या लेव्हलपासून निघालो. गावाबाहेर ते निळे थबथबीत जीव असतात ना, पहिले दोन दिवस मी त्यांना आधी मारू दिलं. उगाच कुणावर आपण होऊन हात कशाला उचलायचा? तलवारवाली सात वेळा मेली. मग वासुदेव रोज दुपारी येऊन बसू लागला. तो युनियनचा माणूस. म्हणाला, "भिया, या खेळातल्या राजाकडे एवढी फौज, अन् लढायला एकटी पोरगी? वर सुरुवातीला हातात लाकडी काठी! मॅनेजमेंट सगळीकडे सेम." राजाला मागणीपत्र द्यायची सोय नाही म्हणून तो दोन दिवस रुसून आला नाही.

लोकांच्या घरात न विचारता शिरून त्यांची मडकी फोडायची आणि आतलं औषध खिशात घालायचं, हे मात्र मला जमेना. म्हणून औषधावाचून हाल. तुझी आई भाजी निवडत म्हणाली, "अहो, राक्षसाच्या तोंडी जायला निघालात आणि मडक्याला काय लाजता? द्या इकडे!" तिने एका बैठकीत अख्खं गाव साफ केलं. इंग्रजी पाट्याही तीच डिक्शनरी घेऊन वाचते. पण एका गोष्टीत माझंच चाललं. प्रत्येक गावात एक देऊळ असतं, आपल्यासारखं नाही, पण देऊळच. तिथल्या पुजाऱ्याला भेटलं की तोवरचा खेळ जपून राहतो, हे आम्हाला आठ दिवसांनी कळलं. तोवर काहीच वाया गेलं नव्हतं, कारण गावात शिरलं की आधी देवळात जायचं ही माझी शाळेपासूनची सवय.

तरी काल सतराव्या लेव्हलपर्यंतच पोचलो. आईचं म्हणणं, तुला सांगावं की उंदराने सेल खाल्ला. मला ते सांगवणार नाही.

आणि आता उरलेल्या चौदा लेव्हल माझ्याने होणार नाहीत. मिल सुरू होईल असं तुला फोनवर सांगत आलो, पण ती होणार नाही, बेटा. पीथमपूरच्या एका कारखान्यातून मला दोनदा बोलावणं आलं होतं. दोन्ही वेळा तिथल्या सव्वीस वर्षांच्या साहेबाने, "अंकल, ही मशीनं वेगळी आहेत, शून्यापासून शिकावं लागेल," म्हटलं आणि मी उठून घरी आलो. परवा तिसऱ्यांदा गेलो. त्याने तेच म्हटलं. मी विचारलं, कधीपासून येऊ? येत्या सोमवारपासून जातोय. बिल्ल्यावर ट्रेनी लिहिलंय, आईने तो दोनदा पुसून खुंटीला लावलाय. तुझा खेळ माझ्या हातून गेला, त्याबद्दल जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. फक्त संध्याकाळी साडेसातनंतर. त्याआधी मी घरी नसतो.

तुझाच,
बाबा