पाटातले मासे

नाहूर, मे १९८६

प्रिय लवू,

मासे जगले रे! आधी एवढं वाच, घोटभर पाणी पी, मग पुढचं वाच. तिन्ही पाटांत नाही, एकाच पाटात सोडले होते, पण जवळजवळ सगळे जगले. वीतभराहून लांब झालेत मेले. काल मुलुंडच्या बाजारात नेले तर दहाच्या आत टोपली रिकामी. ती डोक्यावर घेऊन मी रस्त्याने एकटीच हसत येत होते, लोकांना वाटलं असेल बाईला वेडबिड लागलं.

तुला न विचारता सुरू केलं, याचा राग येईल. येऊ दे. गेल्या वर्षी तू पेटी उचलून मालवणला गेलास, तेव्हा कॉस्मस म्हणाला की आता पाट बुजवतो आणि वांगी लावतो. जागा त्याची, झरा त्याच्या वाडीतला, मी काय बोलणार? पण मला बघवेना. गिरणीतलं काम गेल्यावर तू आणि तुझ्या या दोस्ताने डोंगराच्या पायथ्याशी स्वतःच्या हातांनी खणलेले ते पाट. झऱ्याचं पाणी वरून आत, खालून बाहेर, पुढे त्याच्या भाजीला. अख्खं गावठाण हसायचं, हे बघा गटारात मासे पाळतायत म्हणून. शेवटी गणपतीनंतर मीच कॉस्मसच्या मागे लागले, की एका पाटात माशांची बोटाएवढी पिल्लं सोडू, राखण मी करीन. तोंड वाकडं करून का होईना, कबूल झाला.

मग काय, रोज घरचं उरकलं की मुलुंड. पेंड आणि कोंडा भिजवून गोळे टाकायचे, खालची जाळी साफ करायची, नाहीतर पाला अडकून पाणी तुंबतं. वरच्या तोंडाला पाणी अडवायची ती फळी आहे ना, ती मी वर उचलून दोन खिळे ठोकून पक्की केली. कॉस्मस विचारत राहिला कशाला, मी ठोकतच राहिले. एप्रिलात धार बारीक झाली तेव्हा मी झऱ्यापाशीच बसून राहायचे. देवाला रोज म्हणायचे, आटवायचं तर मला आटव, झऱ्याला नको. धार टिकली, बाबा.

आणि ऐक, कॉस्मसची आयडामावशी! गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून नाक मुरडायची ना? काल त्यांचा तो बाटलीत भरून ठेवलेला मसाला घालून कालवण केलं आणि बाईने डोकंसुद्धा सोडलं नाही. वाहत्या पाण्यातला मासा, त्याला कसला आलाय वास! हे तू दहादा सांगितलं होतंस, कोणी ऐकलं नाही तुझं.

मालवणहून काकीचं पत्र आलं होतं. तू दुसऱ्याच्या होडीवर जाळी ओढतोस आणि आपल्या हाताला यश नाही म्हणतोस. गेल्या उन्हाळ्यात पाटात दाटी केली म्हणून सगळे मासे मेले, असं धरून बसलायस. 

लवू, तुझी काही चूक नव्हती. मासे मेले त्या दिवशी तू हॉटेलवाल्याशी बोलायला अंधेरीला गेलास आणि पाट माझ्यावर सोपवलेस. वैशाखातली अष्टमी होती. अष्टमीला आपल्याकडे भांग, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नाही, भर दुपारी ओहोटी, पाणी संथ. त्या वेळी खाडीतला मासाही विसावतो, असं बाबा सांगायचे. मला वाटलं, हे बिचारे रात्रंदिवस धारेला तोंड देऊन पोहतायत, घटकाभर यांनाही ओहोटी देऊ. बारा वाजता फळी मी खाली टाकली आणि धार थांबवली. जांभळीच्या सावलीत बसले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा सगळे श्वासासाठी वर तोंड काढून तडफडत होते. फळी उचलली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तू ऑर्डर घेऊन हसत आलास, आणि मी गप्प बसले. कॉस्मस तुला नाही नाही ते बोलला, तरी गप्प बसले. मग वाटलं, नुसती माफी कुठल्या तोंडाने मागू, आधी मासे जगवून दाखवते. आज सकाळी कॉस्मसला सगळं सांगितलं. तो उठून गेला. तासाभराने बघते तर लुंगी खोचून उरलेले दोन्ही पाट घासतोय. म्हणाला, बघतेस काय, त्याला लिही. वर्षाने छाती हलकी झाली रे. तुला रागावायचं असेल तर रागाव, हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण पत्रातून नको. इथे ये आणि पाटावर उभा राहून घाल.

तुझीच,
वर्षभर तोंड शिवून बसलेली
सुगंधाताई