बोटीचं नवं नाव

एडगर भाऊजी,

नमस्कार करवत नाही, पण रीत म्हणून करते.

सहलीला म्हणून आमची बोट नेलीत. ती आमचं घर आहे हे ठाऊक असूनही, कालव्याच्या लॉकमध्ये, म्हणजे बोट खालच्या पातळीवर उतरवणाऱ्या दारबंद हौदात, पाणी उतरत असताना तुम्ही फोनवर गप्पा मारत बसलात. बोटीचा मागचा भाग दगडी उंबऱ्यावर अडकून लटकला आणि तळ फाटला. मी बोटवाल्यांच्या ग्रुपवर फक्त वेल्डर विचारला, तर पहिला सल्ला तुमचाच! "हेस्टर, बायकांनी सुकाणू धरलं की असंच व्हायचं. भेगेवर डांबर थाप, चालून जाईल." खाली सगळे हसले. माझा नवरा असून क्लेमंटही म्हणाले, "जाऊ दे गं, थोरला आहे तो."

चॅपलमध्ये गुडघे टेकून आले. सूड घेणं देवाचं काम, हे मला पाठ आहे.

मग बोट सुक्या गोदीत चढली. तळ जोडता जोडता वेल्डर नेल म्हणाली, "ताई, बोटीचं नाव बदलायचं असेल तर आत्ताच. पाण्यात असताना बदललं तर अपशकुन."

मामंजींनी थोरल्याच्या कौतुकानं रंगवलेलं 'एडगर' मी माझ्या हातानं खरवडलं. दाराचा रंग उरला होताच. त्यानं लिहिलं, 'क्लेमंट'. बोट पाण्याबाहेर काढायची वेळ तुम्हीच आणलीत, त्याबद्दल आभार.

हे पत्र पाठवणार नाही. नव्या नावाचा फोटो मात्र ग्रुपवर टाकते आहे, तुमच्या सल्ल्याच्या अगदी खाली. सुकाणू कुणाच्या हाती होतं, असं कुणी विचारलंच तर सांगेन. खोटं बोलणं पाप आहे.

तुमची भावजय,
हेस्टर