अकरा सेंटिमीटर

१२ फेब्रुवारी १९७१, शुक्रवार

आज शिळावर्तुळातल्या थडग्याचा आराखडा पूर्ण केला. सांगाड्याच्या उजव्या हाताजवळ एक मातीची वाटी आहे. हातापासून अंतर अकरा सेंटिमीटर. पहिलंच माप बरोबर होतं, तरी तीनदा मोजलं. खोदकामावरच्या सखूबाई हसल्या, "काहून मोजून राहिली वं सारखी? पुरते ना त्याचा हात!"

तेव्हापासून बाबांचा चष्मा डोक्यातून जात नाही. दिवाळीनंतर त्यांना पुरायला नेताना आईने तो त्यांच्या छातीवर ठेवला होता. मीच उचलला. आपण आता बौद्ध आहोत, मेलेल्या माणसाला काही लागत नाही, हे बाबांनीच शिकवलं, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. ते चूक नव्हतं. मग तो चष्मा अजून माझ्या कंपासपेटीत का आहे? कुणाला देऊन का टाकला नाही?

संध्याकाळी आईने विचारलं, "काय सापडलं वं?"

वाटीचं सांगितलं. दोन हजार वर्षांहून जुनी, हेही.

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अन् अजून हातापाशीच हाय? त्याच्या घरी शिकलेली पोरगी नसन."

मग तिनेच विचारलं, "आता काय करता त्या वाटीचं?"

"संग्रहालयात नेणार."

"म्हणजे त्याचीबी काढूनच घेता."

वाटी उद्या सकाळी काढायची आहे. मीच उचलायची आहे.