झिलूवरचा आळ

रामनगर,
पवित्र सप्ताहातला मंगळवार, २६ मार्च २०२४

प्रिय भाऊ इनास,

येशू तुम्हा सगळ्यांना सुखात ठेवो. आम्ही इथे बरे आहोत. तुझ्या वयनीचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो, त्याबद्दलचं बोलणं मात्र वाढलंय. काजू यंदा कमी. माकडांचं मत वेगळं आहे. रीटाला नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं कळलं. पोरीनं नाव काढलं.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मध्ये बोलशील आणि मी लगेच थांबेन. मला थांबायला निमित्तच हवं असतं. ट्रकवाला प्रवीण उद्या फोंड्याला येतोय, त्याच्या हाती देतोय.

आपले फादर आजारी आहेत. ईस्टरआधीचा कुमसार ऐकायला केरळचे एक फादर आले. त्यांना मल्याळम येतं, इंग्रजी येतं, कानडी जेमतेम, मराठी शून्य. ही बातमी पसरली आणि शनिवारी चर्चबाहेर अशी रांग लागली की रेशनलाही लागत नाही. दहा-दहा वर्षं कुमसारात पाप कबूल करायला न फिरकलेली माणसं अंघोळ करून हजर. आपण मराठीत सांगायचं, फादरनी मान हलवायची, देवाला काय, सगळ्याच भाषा येतात.

मीही उभा राहिलो. दरवर्षीची माझी यादी ठरलेली: शिव्या दिल्या, मिस्सा चुकवली, एकदोनदा जास्त झाली. यंदा मात्र खरं ते सांगितलं, भरभर. फादरनी हात उचलून पापमुक्ती दिली, तीन 'नमो मारिया' म्हणायला लावलं. न्हाव्याकडनं उठावं तसा हलका होऊन बाहेर आलो.

पायरी उतरतोय तर समोर झिलू. झावळ्यांच्या रविवारासाठी माडाच्या कोवळ्या झावळ्या तोच आणतो. स्वतः हिंदू, पण बापापासून चालत आलंय. आता कुणी त्याच्या हातून घेत नाही. भारा भिंतीला टेकवून तो लांब गेला की मग उचलतात. तुझी वयनीच म्हणाली, "ठेव थितंच, खबऱ्या!" बारा वर्षं त्याला हेच नाव आहे. आणि मी, ताजा धुतलेला, गप्प उभा.

इनास, तुझ्या सागवानाची खबर झिलूनं नाही दिली. मी दिली.

पडलेलं झाड तू जंगलातनं आणलंस, नव्या घराच्या चौकटीसाठी. माझ्या घराला फणसाची चौकट आणि धाकट्याच्या घराला सागवान. एवढंच कारण. याहून मोठं शोधून बघितलं, सापडलं नाही. डाव्या हातानं जंगल खात्याला निनावी कागद लिहिला. नंतर तू विचारलंस, "कोण असंल रे?" मी म्हणालो, "झिलूला जंगलवाल्यांच्या जीपमधनं जाताना बघितला." बघितला होता. त्याच्या बायकोला, सावित्रीला, ताप चढला होता आणि ते तिला दवाखान्यात नेत होते, हेही मला माहीत होतं. तेवढं गाळलं.

तू कारवारला कोठडीत असताना रीटाचा पहिला ख्रिस्तप्रसाद झाला. पांढऱ्या झग्यातल्या पोरीशेजारी, बापाच्या जागी, मेणबत्ती धरून मी उभा होतो. लोक म्हणाले, थोरला असावा तर असा. हे तर त्या मराठी न कळणाऱ्या फादरनाही सांगवलं नव्हतं.

म्हणून परत आत गेलो. फादर चहा पीत होते. म्हटलं, मघाचं कानडीत सांगतो. त्यांनी कप ठेवला, गळ्यात पुन्हा कुमसाराचा पट्टा घातला. सगळं सांगितलं, मेणबत्तीसकट. ते मोडक्या कानडीत म्हणाले, "देवानं माफ केलं. त्यात शंका धरू नको. पण झिलूवर आळ देवानं नाही घातला, तू घातलास. तो तूच उतरव."

रविवारी झिलूच्या अंगणात गेलो. तो कोयत्याला धार लावत होता. मी जरा लांबच बसलो. सगळं ऐकलं त्यानं, हात काही थांबला नाही. सावित्री दारातनं म्हणाली, "माझ्या लेकीच्या लग्नाला तुमच्यातलं कुत्रं आलं न्हाई, पास्कूबाब."

मी म्हटलं, "झिलू, माफ कर."

"मला कशाला सांगतोस? म्या केलं न्हाई ह्ये मला बारा वर्सं ठावं हाय. ज्यांस्नी ठावं न्हाई त्यांस्नी सांग जा."

येत्या रविवारी ईस्टरची मिस्सा सुटली की चर्चच्या पायरीवर सांगणार आहे. मराठीत, सगळ्यांना कळेल असं. तुझ्या वयनीला काल सांगितलं. तेव्हापासून ती ताट वाढते, बोलत नाही.

तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून हे आधी. आईच्या मयताला झिलू खांदा द्यायला आला, तेव्हा तू त्याला सगळ्यांदेखत हाकललंस. शवपेटीचं पुढचं टोक माझ्या खांद्यावर होतं. मी एक शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. ते हाकलणंही माझ्याच नावावर धर.

देवाची माफी मिळाली. तुझी मी मागत नाही. मागितली तर तुला आधी माझा विचार करावा लागेल, आणि तो मान आज झिलूचा आहे. त्याचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. फोन त्याला कर. मला कधी केलास तर उचलेन, नाही केलास तर का, हे विचारणार नाही.

तुझ्यावर कागद टाकणारा,
तुझाच थोरला,
पास्कू