काउंटीला एकोणसाठ गुण

१४ नोव्हेंबर

प्रिय ड्वेन,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. इथे सगळं ठीक. शेळ्या आटल्यात, टोमॅटोच्या नव्वद बरण्या तळघरात लागल्या, हिम एकदा पडून वितळलंही. तू परत शहरातल्या त्याच गल्लीत राहायला गेलास, हे पाकिटावरच्या पत्त्यावरून कळलं.

तू एवढंच विचारलंस, "खरा आकडा किती होता? फक्त आकडा लिही." तीन दिवस मी बरण्याच पुसतेय.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या स्वयंपाकघरात बसून मी तुमच्या काउंटीचा, म्हणजे तुमच्या जिल्ह्याचा, तक्ता भरत होते, आठवतं? संकटाची आधीच तयारी करणाऱ्या आपल्या गटासाठी असे एकोणीस तक्ते मी भरले होते. मोठं संकट आलं तर तिथे तग धरता येईल का, पाणी कुठलं, परसात माती कशी, वस्ती किती दाट. शंभरपैकी साठाच्या खाली आले की घर सोडायचं.

तुझी जोलीन माझ्या खांद्यावरून डोकावली. "सहा गल्ल्यांवर हॉस्पिटल आहे म्हणून उणे दोन? कोरिन, वेडी का खुळी तू?"

"संकटात सगळं शहर तिथेच धावतं. गर्दी म्हणजे धोका."

"मग दफनभूमीला अधिक दोन दे. तिथे कोणी ढकलाढकली करत नाही!"

तू खो खो हसलास. म्हणालास, "माझ्या बहिणीने तपासलंय ना? मग झालं."

एकोणसाठ आले. महिन्याभरात तुम्ही माझ्यापासून अकरा मैलांवर राहायला आलात.

जोलीनच्या दम्याचा पंप कायम तिच्या खिशात असायचा. त्यासाठी तक्त्यात रकाना नाही, असं मी स्वतःला सांगत आले. आहे. तेरावा. घरात जुना आजार असेल तर हॉस्पिटल जवळ हवं. तो मी कोरा ठेवला.

यंदा ऑगस्टमध्ये वाळलेलं गवत रचताना तिला धाप लागली. ॲम्ब्युलन्स पन्नास मिनिटांनी आली, तोवर ती गेली होती.

आता आकडा. उणे दोनचा नियम पाचशे खाटांच्या वरच्या हॉस्पिटलांना आहे. तुमचं ऐंशी खाटांचं होतं. मला ते ठाऊक होतं.

तेरावा रकाना न धरताही एकसष्ट, ड्वेन.

या चाळीस एकरांत मी सहा हिवाळे एकटीने काढले होते. विहिरीचं झाकण उचलायलाही दुसरं माणूस लागतं. ही सबब नाही, कारण आहे. पण दोन्हींत फरक काय, ते मला सांगता येणार नाही. आकडा लिहिल्यावर मला हलकं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते.

तू सोडून गेलेल्या इथल्या घराचा तक्ता तू पाकिटात घातलास. पाणी, माती, शेजार, सगळ्याला पूर्ण गुण. खाली पेन्सिलीने, 'बहीण अकरा मैलांवर: उणे शंभर.'

मी बेरीज दोनदा तपासली. बरोबर आहे.

तुझी, आता तीनशे मैलांवरची,
कोरिन